व्यापार शेजाऱ्यांचा, हिशेब तिघांचा

मोटारीची बॅटरी संपली की आपण ती दुकानात देतो, तिचे पैसे वजा करून नवी घेतो आणि विषय तिथेच विसरतो. व्यापारी मात्र तो विसरत नाही. जुन्या बॅटरीत शिसे असते, शिशाला बाजारभाव असतो आणि ज्याला भाव आहे तो माल कुठे ना कुठे चालत जातोच. तो जातो जिथे बॅटरी फोडून, शिसे वितळवून पुन्हा लगड तयार करण्याचा खर्च कमी येतो तिथे. तो खर्च तिथेच कमी का येतो, हे मात्र कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते.

मेक्सिकोच्या वायव्य टोकाला, अमेरिकेतील सॅन दिएगो शहराला अगदी खेटून तिहुआना हे शहर आहे. तेथील पठारावर ‘मेतालेस इ देरिवादोस’ नावाचा शिसे गाळण्याचा कारखाना होता. अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या बॅटऱ्या तिथे फोडल्या जात. १९९४ मध्ये मेक्सिकोच्या पर्यावरण अधिकाऱ्यांनी त्याला टाळे ठोकले. मालक सरहद्द ओलांडून अमेरिकेत निघून गेला. मागे उरला तो हजारो टन शिशाचा मळीसारखा गाळ, उघड्यावर, वारा-पावसाच्या स्वाधीन. उताराच्या पायथ्याशी चिल्पानसिंगो नावाची कष्टकऱ्यांची वसाहत. पावसाळी पाणी त्या दिशेनेच वाहत असे. शिसे सर्वांत अधिक घात करते ते वाढत्या वयाच्या मुलांचा. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी पुढे भरून निघत नाही.

आता हिशेब मांडून पाहावा. माल अमेरिकेचा, भट्टी मेक्सिकोतील, नफा घेणारा सीमेपलीकडे आणि तोटा सोसणारी मुले सीमेअलीकडे. या व्यवहाराची जबाबदारी कोणत्या देशाच्या खात्यावर टाकायची? योगायोग असा की ज्या वर्षी हा कारखाना बंद पडला, त्याच वर्षी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन शेजाऱ्यांनी मुक्त व्यापाराच्या करारासोबत, नेमक्या अशाच प्रश्नांसाठी, एक सामाईक संस्था उभी केली होती. त्या संस्थेला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. शेजाऱ्यांचा व्यापार वाढतो तेव्हा सामाईक काळज्यांतून आधी कोणती हाती घ्यावी, याचा तिचा अनुभव व्यापार करणाऱ्या प्रत्येक घराने समजून घेण्यासारखा आहे.

भांडणापासून करारापर्यंत

शेजारी देशांमधील धुराचे आणि पाण्याचे वाद त्या खंडाला नवे नव्हते. अमेरिका आणि कॅनडा यांनी सीमेवरील नद्या-सरोवरांसाठी १९०९ मध्येच तह करून संयुक्त आयोग नेमला होता. पुढे कॅनडातील ट्रेल या गावच्या धातू गाळण्याच्या कारखान्याचा गंधकयुक्त धूर कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून खाली उतरू लागला आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शेते व झाडे करपू लागली. प्रकरण लवादाकडे गेले. १९३८ आणि १९४१ मध्ये दोन निवाडे झाले. पहिल्यात शेतजमिनी व वनांच्या हानीबद्दल ७८ हजार डॉलरांची भरपाई ठरली. दुसऱ्याने असे तत्त्व घालून दिले की आपल्या भूमीचा वापर शेजाऱ्याच्या भूमीला धुराने गंभीर इजा होईल अशा रीतीने करण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राला नाही. आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याचा पाया म्हणून हा निवाडा आजही शिकवला जातो.

परंतु निवाडा इजा झाल्यानंतर येतो. लवाद नेमावा, पुरावे गोळा करावेत, भरपाई ठरवावी, तोवर एका पिढीची शेती जळून गेलेली असते. म्हणून उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराची, म्हणजे नाफ्टाची, बोलणी सुरू झाली तेव्हा अमेरिकेतील पर्यावरणवाद्यांनी आणि कामगार संघटनांनी आधीच प्रश्न उपस्थित केला. मेक्सिकोत कायदे कागदोपत्री चांगले असले तरी त्यांची अंमलबजावणी सैल आहे. मग कारखाने तिकडे पळणार नाहीत काय? ऑक्टोबर १९९२ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात बिल क्लिंटन यांनी पर्यावरण आणि कामगार या विषयांवर जोड करार असल्याशिवाय नाफ्टावर पुढे जाणार नाही असे सांगितले. त्यातून १ जानेवारी १९९४ पासून व्यापार करारासोबतच पर्यावरण सहकाराचा वेगळा करार अमलात आला आणि कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पर्यावरण सहकार आयोगाचे कार्यालय थाटले गेले.

आयोगाची घडण सुटसुटीत होती. तिन्ही देशांच्या पर्यावरण मंत्र्यांची परिषद निर्णय घेणार. सचिवालय अभ्यास आणि दैनंदिन काम पाहणार. प्रत्येक देशातील पाच अशा पंधरा नागरिकांची समिती सल्ला देणार. खर्चासाठी तिघांनी समान वाटा उचलायचा. प्रारंभीच्या वर्षांत प्रत्येकी तीस लाख, मिळून नव्वद लाख डॉलर. नाफ्टापूर्वी १९९३ मध्ये या तीन देशांचा आपसातील व्यापार सुमारे २९० अब्ज डॉलरांचा होता. पेढीच्या उलाढालीच्या मानाने ही रक्कम दिवाबत्तीच्या खर्चाइतकीही नव्हे. तिजोरी एवढी लहान आणि आर्जवे तीन देशांची. म्हणजे पहिला प्रश्न आपोआपच प्राधान्यक्रमाचा झाला.

पहिली कसोटी: पक्ष्यांचा मृत्यू

आयोग जेमतेम रांगू लागला होता तोच मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातील सिल्वा जलाशयात १९९४-९५ च्या हिवाळ्यात हजारो पाणपक्षी मरून पडले. हे पक्षी उत्तरेकडून, कॅनडा आणि अमेरिकेतून हिवाळा काढण्यासाठी येणारे. मृतांचा आकडा वीस ते चाळीस हजारांच्या घरात सांगितला गेला. कोणी रंगाच्या कारखान्यांना दोष दिला, कोणी कीटकनाशकांना. सरकारी स्पष्टीकरणावर लोकांचा विश्वास बसेना. कवी ओमेरो आरिद्खिस यांच्या ‘शंभर जणांचा गट’ या संघटनेने आणि अन्य दोन संस्थांनी आयोगाकडे धाव घेतली.

आयोगाने तिन्ही देशांतील शास्त्रज्ञांचे मंडळ नेमले. त्यांचा निष्कर्ष असा की मुख्य कारण बॉट्युलिझम हे जिवाणूजन्य विष होते. मात्र जलाशयात वर्षानुवर्षे येणारे सांडपाणी आणि जड धातू यांनी त्याला पोषक स्थिती निर्माण केली होती. या निष्कर्षाने कोणा एकाची बाजू जिंकली नाही. महत्त्व वेगळ्याच गोष्टीला होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याऐवजी तिघांनी मिळून एकच अहवाल मान्य केला. व्यापारात दोन पेढ्यांच्या वह्या जुळत नसतील तर आधी तिसऱ्या माणसाकडून ताळा करून घेतात. आयोगाने नेमके तेच केले.

जे साधले ते का साधले?

आयोगाच्या यशाची सर्वांत स्वच्छ नोंद डीडीटीची आहे. अमेरिकेने डीडीटीचा बहुतेक वापर १९७२ मध्येच बंद केला होता. मेक्सिकोत मात्र मलेरियाच्या निर्मूलनासाठी ते घरोघर फवारले जात असे. हे रसायन सहजी नष्ट होत नाही. उष्ण प्रदेशात ते हवेत मिसळते, वाऱ्यासोबत प्रवास करते आणि थंड प्रदेशात पुन्हा जमिनीवर, पाण्यात उतरते. तिथून मासे, सील आणि अखेरीस माणूस अशा साखळीतून साचत जाते. त्यामुळे एका देशाने घातलेली बंदी त्याच देशातील माणसांनाही पुरती वाचवू शकत नव्हती.

१९९५ मध्ये तिन्ही मंत्र्यांनी रसायनांच्या सुयोग्य व्यवस्थापनाचा ठराव केला. शेकडो घातक रसायनांची यादी समोर असतानाही त्यांनी आरंभी मोजकीच निवडली: डीडीटी, क्लोरडेन, पीसीबी आणि पारा. डीडीटीसाठी १९९७ मध्ये आराखडा ठरला. त्यानुसार मेक्सिकोने पाच वर्षांत वापर ८० टक्क्यांनी घटवायचा होता. प्रत्यक्षात २००० सालापर्यंत मेक्सिकोने डीडीटीचा वापर पूर्णपणे थांबवला.

यामागील कारण लक्षात घेण्याजोगे आहे. कोणी मेक्सिकोला नुसते ‘बंद करा’ असे बजावले नाही. मलेरिया आवरण्याचा दुसरा मार्ग आधी उभा केला गेला. रुग्ण लवकर शोधून औषधोपचार करणे, वस्तीजवळच्या ओढ्यांतील शेवाळ काढून डासांच्या पैदाशीच्या जागा मोडणे, वस्ती स्वच्छ ठेवणे, गरज तिथेच दुसरे औषध फवारणे; आणि या कामात गावातील लोकांनाच सामील करून घेणे. मलेरिया वाढला नाही, उलट रुग्णांची संख्या घटत गेली. पुढे हाच अनुभव मध्य अमेरिकेतील देशांना उपयोगी पडला.

या एका उदाहरणात प्राधान्यक्रम ठरवण्याच्या तिन्ही कसोट्या सापडतात. पहिली, प्रश्न असा हवा की जो एकट्या देशाला आपल्या हद्दीत राहून सुटणारच नाही. दुसरी, प्रगती मोजण्याचे माप तिघांना मान्य हवे. तिसरी, ज्याच्या हातून काही काढून घ्यायचे आहे त्याच्या हाती आधी दुसरे काही द्यायला हवे. आयोगाच्या नंतरच्या प्रत्येक कामाकडे या तीन कसोट्यांवर पाहिले की यशापयशाचा उलगडा होतो.

सर्वांना वाचता येईल अशी वही

मापाच्या कसोटीचा धागा थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे मारली. त्या घटनेने अमेरिकेतही प्रश्न उभा राहिला की आपल्या वस्तीशेजारच्या कारखान्यात कोणती रसायने आहेत आणि त्यांतील किती हवेत-पाण्यात जातात, हे रहिवाशांना कळते काय? १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून कारखान्यांना दरवर्षी हे आकडे जाहीर करण्याचे बंधन घातले. कॅनडाने १९९३ पासून अशीच नोंद सुरू केली. आयोगाने या वह्या एकत्र आणून ‘टेकिंग स्टॉक’ नावाचा अहवाल नियमितपणे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मेक्सिकोत ही नोंद आधी ऐच्छिक होती. कारखानदारांचा विरोध, अधिकाऱ्यांचा संकोच आणि नागरिकांचा आग्रह अशी बरीच ओढाताण होऊन ती बंधनकारक झाली आणि २००४ सालच्या आकड्यांपासून मेक्सिकोही या सामाईक वहीत आला.

वह्या शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते प्रामाणिक हिशेबनिसाला खटकणारे होते. तिघांच्या याद्याच वेगवेगळ्या. तिन्हीकडे समान असलेली रसायने अवघी साठेक. एका देशात ज्या उद्योगाने नोंद द्यायची तो दुसऱ्या देशात मोकळा. म्हणजे आकडा कमी दिसला तर प्रदूषण कमी आहे की नोंद कमी आहे, हे कळायला मार्ग नाही. तरीही या वहीचे मोल मोठे. चूक कुठे आहे ते आता दाखवता येते आणि दरसाल कोणीतरी ते दाखवते. जो कारखानदार आपल्या धुराड्यावर खर्च करतो त्याचे नाव यादीत खाली सरकते. जो करत नाही त्याचे वर राहते. दंड नाही, खटला नाही. पण बाजारात पत नावाची गोष्ट असते.

फुलपाखराचा प्रवास

सामाईक प्रश्नाचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे मोनार्क हे नारिंगी-काळे फुलपाखरू. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा जीव शरद ऋतूत कॅनडा आणि अमेरिकेतून निघून हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या मिचोआकान आणि मेक्सिको राज्यांतील ओयामेल वृक्षांच्या उंच डोंगरी वनात पोहोचतो. तिथे फुलपाखरांच्या भाराने फांद्या वाकतात. ही जागा बाहेरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक झाली ती १९७५ मध्ये, टोरंटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्क्वार्ट यांच्या अनेक दशकांच्या शोधानंतर. डोंगरातील गावकऱ्यांना ती अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती.

या फुलपाखरांची मोजणी त्यांनी व्यापलेल्या वनाच्या क्षेत्रफळावरून होते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांनी १८ हेक्टरांहून अधिक वन व्यापले होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरांवर आले. बराच काळ सारा दोष मेक्सिकोतील वृक्षतोडीला दिला जाई. वृक्षतोड होतीच, मेक्सिकोने राखीव क्षेत्र वाढवले, गस्त वाढवली, तोड बरीच आटोक्यात आणली. तरीही संख्या घटत राहिली. मग लक्ष उत्तरेकडे वळले. मोनार्कच्या अळ्या फक्त मिल्कवीड या, आपल्या रुईच्या कुळातील, झाडांची पाने खातात. अमेरिकेच्या मध्यभागातील मका आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाला दाद न देणारी बियाणी आली, तणनाशकाचा वापर वाढला आणि शेताच्या बांधावरचे मिल्कवीड नाहीसे होत गेले. घर मेक्सिकोत, पण पाळणा अमेरिकेत. एकाने घर राखले आणि दुसऱ्याने पाळणा मोडला तर काय उरणार?

आयोगाने २००८ मध्ये मोनार्कच्या संवर्धनाचा त्रिदेशीय आराखडा प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तोलुका येथील शिखर बैठकीत तिन्ही राष्ट्रप्रमुखांनी हा विषय स्वतः हाती घेतला. अमेरिकेने २०१५ मध्ये सहा हेक्टरांचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२४-२५ च्या हिवाळ्यात प्रत्यक्ष क्षेत्र १.७९ हेक्टर भरले. हे यश म्हणता येत नाही. परंतु माप एक आहे, ते तिघांना मान्य आहे आणि दोष केवळ गरीब शेजाऱ्याच्या पदरी घालण्याचा मार्ग आता बंद झाला आहे.

बॅटरीकडे पुन्हा

आता तिहुआनाकडे वळू. करारात एक अभिनव तरतूद होती: आपले सरकार स्वतःच्याच पर्यावरण कायद्याची अंमलबजावणी करत नाही असे वाटल्यास तिन्ही देशांतील कोणीही नागरिक आयोगाकडे अर्ज करू शकतो. सचिवालय चौकशी करते आणि तीनपैकी दोन देशांनी संमती दिली तर ‘तथ्यांची नोंद’ प्रसिद्ध होते. त्यात निवाडा नसतो, शिक्षा नसते. घडले ते काय, एवढेच असते. चिल्पानसिंगो वसाहतीतील नागरिकांनी सॅन दिएगोतील एका संस्थेच्या साहाय्याने १९९८ मध्ये असा अर्ज केला. २००२ मध्ये नोंद प्रसिद्ध झाली. तो गाळ तसाच पडून आहे आणि त्याचा धोका कायम आहे, हे एका अधिकृत त्रिदेशीय कागदावर उतरले. त्या कागदाच्या बळावर वसाहतीतील बायाबापड्यांनी पाठपुरावा सोडला नाही. २००४ मध्ये मेक्सिको सरकारने वसाहतीशी सफाईचा करार केला आणि पुढे साधारण पाच वर्षांत काम पुरे झाले. कारखाना बंद झाल्यापासून जवळजवळ पंधरा वर्षे गेली. त्या वर्षांत वसाहतीतील मुले मोठी होऊन गेली.

एक ढीग साफ झाला. प्रवाह मात्र थांबला नव्हता. २००८ मध्ये अमेरिकेने हवेतील शिशाची मर्यादा दर घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून ०.१५ वर, म्हणजे दहापट कडक, आणली. मेक्सिकोची मर्यादा १.५ वरच होती. अमेरिकेतील भट्टीवाल्यांना धूर गाळण्यासाठी मोठा खर्च करणे भाग पडले. सीमेपलीकडे तो खर्च नव्हता. बॅटऱ्या कोणत्या दिशेने गेल्या ते सांगायला नको. आयोगाने २०१३ मध्ये सादर केलेल्या अभ्यासानुसार २००४ ते २०११ या काळात अमेरिकेतून मेक्सिकोला होणारी जुन्या बॅटऱ्यांची निव्वळ निर्यात सुमारे साडेचारशे ते सव्वापाचशे टक्क्यांनी वाढली होती. पर्यावरण खात्याला निर्यातदारांनी दिलेले आकडे आणि सीमाशुल्काच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, हेही त्यात दिसून आले.

व्यापारी वाचकाने या ठिकाणी क्षणभर थांबावे. चांगल्या हेतूने केलेल्या कडक कायद्याने विष नाहीसे झाले नाही; त्याचा पत्ता बदलला. आणि ज्या कारखानदाराने आपल्या देशातील नियम पाळून भट्टीवर पैसे खर्च केले, त्याच्याच हातचा माल निसटला. नियम एकीकडे कडक आणि दुसरीकडे सैल असले की सर्वांत आधी मार खातो तो सचोटीचा व्यापारी. म्हणून शेजाऱ्याचा नियम आपल्या तोडीचा व्हावा, यात परोपकारापेक्षा अधिक आपले हितच असते. अहवालाची शिफारस तीच होती: मेक्सिकोतील भट्ट्यांना अमेरिकेच्या तोलाचे संरक्षक नियम आणि प्रत्येक खेपेची मागोवा घेता येईल अशी नोंद. मेक्सिकोने २०१५ च्या आरंभी शिशाच्या भट्ट्यांतील उत्सर्जनासाठी स्वतंत्र मानक जारी केले. सात वर्षे उशिरा. पण दोन्ही काठांवरील नियमांमधील अंतर त्याने कमी केले.

यादी वाढते तेव्हा

आयोगाचा इतिहास निर्दोष नाही. मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारीची नोंद प्रसिद्ध करायची की नाही, हे मंत्रीच ठरवतात. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश. कायदा सातत्याने न पाळणाऱ्या देशाविरुद्ध लवाद नेमण्याची तरतूद पहिल्या करारात होती; ती कधीच वापरली गेली नाही, कारण आज तुमच्याविरुद्ध तर उद्या माझ्याविरुद्ध, हे तिघांनाही उमगत होते.

तितकीच मोठी उणीव प्राधान्यक्रमाची. २००४ मध्ये पुएब्ला येथे मंत्र्यांनी तीन विषय ठरवले: निर्णयांसाठी माहिती, क्षमतावाढ, व्यापार आणि पर्यावरण. २०१० पासून तीन नवे विषय आले, २०१५ पासून त्यांची पुन्हा मांडणी झाली. २०२१ ते २०२५ च्या योजनेत विषय सहा झाले: स्वच्छ हवा-पाणी-जमीन, सागरी प्रदूषण, वस्तूंचा पुनर्वापर, सामाईक जीवसृष्टी, आपत्तींना तोंड देणारे समाज आणि कायद्यांची अंमलबजावणी. यांपैकी एकही विषय चुकीचा नाही आणि अडचण तीच आहे. ज्या यादीत सारेच आहे, तिच्यात अग्रक्रम कोणालाच नाही. प्राधान्य ठरवणे म्हणजे काय करायचे ते लिहिणे एवढेच नव्हे. काय तूर्त बाजूला ठेवायचे ते ठरवून त्याची जबाबदारी घेणे.

याची किंमत वाकिता या जलचराने मोजली. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला राहणारा, जगातील सर्वांत लहान सागरी सस्तन प्राण्यांपैकी हा एक. १९९७ च्या पाहणीत पाचशेहून अधिक वाकिता असल्याचा अंदाज होता; अलीकडच्या पाहण्यांत ते दहाच्या आसपास उरले आहेत. त्यांना कोणी मुद्दाम मारत नाही. तोतोआबा नावाच्या माशाच्या वाताशयाला चीनच्या बाजारात भरमसाट किंमत मिळते. त्यासाठी बेकायदा लावलेल्या जाळ्यांत वाकिता अडकून गुदमरतात. आयोगाने २००८ मध्येच वाकिताच्या रक्षणाचा आराखडा प्रसिद्ध केला होता. डीडीटीच्या आराखड्याहून तो वेगळा ठरला तो तिसऱ्या कसोटीवर: जाळे खाली ठेवणाऱ्या कोळ्याच्या हाती त्याच्या मुलाबाळांचे पोट भरेल असे दुसरे साधन पुरेशा प्रमाणात आणि टिकेल अशा रीतीने दिले गेले नाही. बंदी आली, भरपाई अडखळली आणि चोरटा बाजार जिंकला.

१ जुलै २०२० पासून नाफ्टाची जागा नव्या कराराने घेतली. आयोग कायम राहिला आणि पर्यावरणाचे कलम आता जोड करारात न राहता मुख्य व्यापार करारात, तंटा निवारणाच्या कक्षेत आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेने त्या कलमाखाली मेक्सिकोशी पहिली औपचारिक सल्लामसलत मागितली, ती वाकिताच्याच प्रश्नावर. अधिकार वाढले ही चांगली गोष्ट. परंतु अधिकार येईतो रक्षण करायला दहा जीव उरले होते.

आपल्या वहीत काय लिहावे?

दक्षिण आशियातील आपले शेजारही असेच एका हवेने आणि एका पाण्याने बांधलेले आहेत. १९९८ मध्ये माले येथे भारतासह आठ देशांनी सीमापार वायुप्रदूषणाविषयी जाहीरनामा केला. पण हिवाळ्यातील धुके आजही वाघा सीमेवर परवाना दाखवत नाही. भोपाळनंतर १९८६ मध्ये आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा झाला. मात्र भोपाळच्या दुःखातून अमेरिकेत जी नोंदवही जन्मली, कारखानानिहाय आणि रसायननिहाय आकडे दरसाल लोकांपुढे ठेवणारी, तशी देशव्यापी वही भारतात आजही नाही. शेजाऱ्यांनी मिळून काय आधी करावे असे कोणी विचारले, तर या तीस वर्षांच्या अनुभवाचे उत्तर सरळ आहे: आधी एका मापाची, सर्वांना खुली वही, मग त्या वहीतून निघालेली, एकट्याला न सुटणारी दोन-तीनच कामे, आणि प्रत्येक कामासोबत, ज्याचे नुकसान होणार त्याची आधी केलेली सोय.

हे सरकारांचे काम आहे, हे खरे. पण माल सरकार पाठवत नाही, व्यापारी पाठवतो. भंगार, रसायन, कातडे, रंग, सुटे भाग, ज्या कशाचा आपला धंदा असेल त्यात मालाचा भाव ठरवताना एक प्रश्न जास्तीचा विचारता येतो: हा माल इतका स्वस्त का पडतो, आणि स्वस्ताईतला फरक कोण भरतो? आपल्याकडे २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवरही टाकली होती. परत घेतलेली ती बॅटरी नोंदणीकृत भट्टीकडे गेली की दोन रुपये चढ्या भावाने गल्लीतल्या उघड्या भट्टीवर गेली, हे पेढीवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते. तिहुआनाच्या त्या टेकडीखालील मुलांना ते कधीच ठाऊक नव्हते. त्यांच्या वाट्याला फक्त पावसाचे पाणी आले.